देवाची अंगी, भक्ताचे सोवळे

भाद्रपद जवळ आला की पुण्या-मुंबईच्या कापडबाजारांत अलीकडे जी एक वस्तू दुकानांच्या दर्शनी भागी हारीने टांगलेली दिसते, तिला विक्रेते निःशंकपणे शिवलेले सोवळे म्हणतात. निऱ्या अगोदरच पाडून त्यांवर टीप मारलेली, कासोट्याचा पट्टा मागे जागच्या जागी जोडलेला, कमरेत नाडी नाहीतर इलॅस्टिक ओवलेले हे धोतर विजारीसारखे पाय घालून चढवता येते. आणि धोतर नेसण्याची विद्या ज्यांच्या घरात आजोबांबरोबरच लोपली, त्या पिढीला पूजेस बसण्यापूर्वीच्या एका वार्षिक फजितीतून त्याने सोडवले आहे, हे त्याच्या कडव्या टीकाकारालाही कबूल करावे लागेल. ज्यांच्या घरी शिवणयंत्र आहे अशा गृहिणी तर ते विकतही आणीत नाहीत. रेशमी काठाचे कापड घेऊन, कमरेचा घेर आणि उंची टेपने मोजून, त्या ते एका दुपारी शिवून मोकळ्या होतात. मग पूजेच्या दिवशी घरातले कुणी वयोवृद्ध शंका काढतात की शिवलेले वस्त्र कर्माला चालते काय, गुरुजी घड्याळाकडे पाहून ‘चालवून घेऊ’ असा निवाडा देतात, आणि संकल्प सुरू होतो. परंतु चालवून घेणे म्हणजे प्रश्नाची केवळ तहकुबी. आणि हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही, असे मला वाटते.

धर्मशास्त्राचे दप्तर उघडून पाहिले तर मज्जाव स्पष्ट आहे. शिवलेले, जळालेले, उंदराने कुरतडलेले, जीर्ण झालेले आणि परक्याचे वस्त्र धारण करून शहाण्याने कर्म करू नये, अशा आशयाची वचने निबंधकारांनी संग्रहित केली आहेत. आणि त्या यादीत शिवलेल्या वस्त्राला जी संगत लाभली आहे, ती पाहता शिवण म्हणजे कापडावर ओढवलेली एक इजाच होय, अशी शास्त्रकारांची समजूत असावी असे दिसते. गंमत अशी की या शास्त्रकारांना जो वेद शिरोधार्य, त्याच्या दुसऱ्या मंडलातील 32 व्या सूक्तात राका देवीला प्रार्थना केली आहे ती शिवण्याचीच: तिने न तुटणाऱ्या सुईने आपले कर्म शिवावे आणि शूर पुत्र द्यावा. गर्भाशयात देह घडतो तो जणू टाक्याटाक्याने, आणि तो घडवणारी देवता हातात सुई घेऊन बसली आहे, ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्याला सुईविषयी तिटकारा होता असे कोण म्हणेल?

या विसंगतीचा उलगडा करण्याचे जे प्रयत्न होतात, त्यांपैकी दोन आपल्याकडे फार लोकप्रिय आहेत आणि दोन्ही मला लटके वाटतात. पहिला असा की शिवलेले कपडे या देशात परकीयांबरोबर आले, सबब ते कर्माला त्याज्य ठरले. मोहेंजोदडोच्या उत्खननात सुया सापडल्या आहेत आणि राकेची सुई तर आताच आपण पाहिली. तेव्हा या युक्तिवादाला इतिहासाच्या कचेरीत दाद मिळण्यासारखी नाही. दुसरा प्रयत्न आरोग्यवाद्यांचा: शिवणीच्या आत मळ आणि घाम साठतो, म्हणून आपल्या दूरदर्शी पूर्वजांनी ती वर्ज्य केली. प्रत्येक विधिनिषेधाच्या पोटात साबणाची वडी शोधण्याची ही जी खोड आपल्या सुशिक्षितांना जडली आहे, तिच्यामुळे धर्माची प्रतिष्ठा वाढते की स्नानगृहाची, हे मला अद्याप कळलेले नाही. शिवाय स्वच्छतेचाच प्रश्न असता तर तो देवालाही लागू झाला असता. आणि देव तर खुशाल शिवलेले कपडे घालतात.

पंढरपूरच्या विठोबाला तिसऱ्या प्रहरी जो पोशाख होतो त्यात अंगी असते, आणि ती कुणीतरी बेतून शिवलेली असते. नाथद्वाऱ्याच्या श्रीनाथजींचे वाघे तर ऋतुमानाप्रमाणे बदलतात आणि त्यांवरील जरीकाम पाहून भल्याभल्या कारागिरांनी मान डोलवावी. घरोघरीच्या बाळकृष्णाची टोपडी, कुंच्या, झबली शिवणाऱ्या स्त्रियांची तर गणतीच नाही. म्हणजे स्थिती अशी की ज्याची पूजा करावयाची तो शिवलेल्या अंगीत उभा, आणि पूजा करणारा मात्र न शिवलेल्या मुकट्यात. शिवण जर अपवित्र असेल तर ती आपण देवाच्या अंगाला कशी लावतो, आणि नसेल तर आपल्या अंगावरून का उतरवतो? या कोड्याचे उत्तर पवित्र-अपवित्राच्या भाषेत मिळणार नाही. ते मिळाले तर शिवणाऱ्याच्या टेबलावर मिळेल, असे मला वाटते.

शिवणकामात सर्वांत निर्णायक क्षण कोणता, असे एखाद्या जाणत्या बाईला विचारले तर ती टाक्याचे किंवा यंत्राचे नाव घेणार नाही. ती म्हणेल, बेतण्याचा. कापड मांडून, त्याचा उभा धागा ओळखून, त्यावर खडूने छातीचा, कमरेचा, मुंढ्याचा, गळ्याच्या खोलीचा हिशेब आखून जेव्हा ती कात्री हाती घेते, तोपर्यंत ते कापड कुणाचेही होऊ शकत असते: लहानाचे, थोराचे, पडद्याचे, पलंगपोसाचे. कात्री चालली की ते एका माणसाचे होते. कडेला माया कितीही सोडली तरी चार बोटांच्या पलीकडे ते आता दुसऱ्या कुणाला होणार नाही, आणि ज्याच्या मापाने बेतले तोही जाड झाला, वाळला, वृद्ध झाला तर त्यालाही ते साथ देणार नाही. शिवलेला कपडा म्हणजे एका विशिष्ट देहाची, आणि त्या देहाच्या एका विशिष्ट दिवसाची, कापडात उठवलेली नोंद. धोतर, उपरणे, लुगडे यांचे तसे नाही. ते बापाचे मुलाला होते, सासूचे सुनेला होते, आणि घडी घालून ठेवले की ते पुन्हा कुणाचेच नसलेले, एक सरळ आयत बनते.

मला वाटते की विधीच्या वेळी न शिवलेले वस्त्र मागण्यात जो विवेक आहे तो हा: देवासमोर येताना माणसाने आपले माप बाहेर ठेवून यावे. हुद्दा, वय, सुखवस्तूपणाने सुटलेले पोट किंवा दारिद्र्याने खपाटीला गेलेले, या सगळ्यांची कैफियत शिंप्याच्या वहीत नोंदलेली असते. न शिवलेल्या दोन वस्त्रांत ती पुसली जाते. हज यात्रेला जाणारा मुसलमान पुरुष इहरामच्या वेळी न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी गुंडाळतो, तेव्हा त्यामागेही राव-रंकाचा भेद मिटवण्याची हीच दृष्टी सांगितली जाते. ज्या दोन धर्मांच्या अनुयायांनी एकमेकांशी इतके दावे मांडले, त्यांचे या एका कलमावर एकमत व्हावे, याची नोंद आपल्या पंडितांनी घ्यावयास हवी होती. याउलट देवाच्या बाबतीत आपल्याला नेमके माप हवे असते. निर्गुणाला अंगी शिवता येत नाही. जो विटेवर उभा आहे, ज्याला ठराविक उंची आणि कमरेवर ठेवलेले दोन हात आहेत, त्यालाच शिंपी लागतो. आणि अंगी चढवताना भक्त जणू हे मान्य करतो की अमर्यादाने आपल्यासाठी मर्यादा पत्करली आहे. देव मापात येतो आणि माणूस मापाबाहेर पडतो, अशी ही पूजेच्या तासाभरापुरती अदलाबदल आहे.

या उपपत्तीवर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. यजमानाशेजारी बसलेली त्याची पत्नी शिवलेली चोळी घालून बसते आणि तिला कुणी हटकत नाही. इहरामातही स्त्रियांना शिवलेल्या कपड्यांची मुभा आहे. मग माप सोडून येण्याचा हा अधिकार पुरुषांपुरताच की काय? याला लज्जारक्षणाचे जे उत्तर दिले जाते ते व्यवहार म्हणून समजण्यासारखे आहे, तत्त्व म्हणून मात्र अपुरे आहे. आणि नियम रचणाऱ्यांनी स्त्रियांचा विचार बहुधा नियम रचून झाल्यावर केला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. शिवलेल्या सोवळ्याविषयी मात्र माझी उपपत्ती मलाच अडचणीत आणते. निऱ्यांना टीप मारलेली असली तरी इलॅस्टिकचे सोवळे बापालाही होते आणि लेकालाही. माप सुटणे हाच जर निकष, तर दुकानातले ते बदनाम धोतर उत्तीर्ण होते, आणि घरच्या गृहिणीने टेपने मोजून हौसेने शिवलेले अनुत्तीर्ण होते. हा निकाल मला विशेष आवडत नाही, पण तो फिरवण्यासाठी मखलाशी करणेही बरे नव्हे.

बौद्ध संघाने याच प्रश्नाला अगदी उलट दिशेने हात घातला. भिक्षूचे चीवर अखंड कापडाचे नसावे, ते तुकडे कापून जोडलेले असावे, असा विनयाचा दंडक आहे. मगधातील बांध घातलेल्या शेतांकडे बोट दाखवून बुद्धाने त्या नमुन्याचे चीवर करण्यास सांगितले आणि आनंदाने ते बेतले, अशी कथा विनयपिटकात येते. कापलेल्या कापडाला बाजारात किंमत राहत नाही, त्याचा लोभ चोराला सुटत नाही आणि भिक्षूलाही त्याचा अभिमान वाटत नाही, हा त्यातला हेतू. वर्षावास संपल्यावर कठिन चीवराचा जो विधी होतो, त्यात दान आलेले कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरे करावयाचे असते. सगळा संघ कामाला लागतो. वैदिकांनी अभंग वस्त्रातून जे साधले ते बौद्धांनी सर्वस्वी भंगलेल्या वस्त्रातून साधले, आणि तरीही ते चीवर कुणाच्या छाती-कमरेच्या मापाचे नसतेच, आयतच असते. जपानच्या काही झेन परंपरांत ते शिवताना प्रत्येक टाक्याबरोबर शरणागतीचे नाम घेतात. त्याच देशात फेब्रुवारीच्या किंवा, काही भागांत, डिसेंबरच्या 8 तारखेला मोडलेल्या सुयांचा स्मृतिविधी होतो. वर्षभर कडक कापडातून झिजलेल्या सुया त्या दिवशी मऊ सोयाबीनच्या पनीरासारख्या टोफूत टोचून ठेवतात. आपल्याकडे खंडेनवमीला शिवणयंत्राला हळदकुंकू वाहतात, फूल वाहतात आणि त्या दिवशी त्याला विश्रांती देतात. मोडक्या सुईची आठवण मात्र आपल्याला झालेली नाही.

टाक्याबरोबर नाम घेण्याची गोष्ट निघाली म्हणजे मराठी माणसाला नामदेव शिंपी आठवल्यावाचून राहत नाहीत. शिखांच्या आदिग्रंथात त्यांची जी 61 पदे आहेत त्यांपैकी एकात त्यांनी मनाचा गज आणि जिभेची कात्री करून यमाचा फास कापीत सुटल्याचे सांगितले आहे, आणि सोन्याच्या सुईत रुप्याचा दोरा ओवून आपले चित्त हरीशी शिवून टाकल्याचे वर्णन केले आहे. यात लक्षणीय गोष्ट अशी की नामदेव आपला धंदा सोडून रूपक शोधावयास गेले नाहीत, आणि धंद्याच्या हीनत्वाबद्दल या पदात त्यांनी कुणापुढे रदबदलीही केली नाही. शास्त्राने ज्या शिवणीला कर्माबाहेर उभे केले, तीच त्यांनी ईश्वराशी जोडणारी क्रिया ठरवली. मी वर मांडलेल्या मापाच्या विचाराला त्यांनी आणखी पुढे नेले म्हणावे. कारण त्यांच्या शिवणीत कापड आणि ज्याच्यासाठी शिवायचे तो, दोन्ही एकाच दोऱ्यात येतात आणि माप घ्यायला तिसरा कुणी उरत नाही.

पण नामदेवांची सुई हाताची होती. आज घराघरांत जी आली आहे ती यंत्राची, आणि गेल्या काही वर्षांत तर यंत्रालाही स्वतः विचार करणारी कळ बसली आहे. पूर्वी पायट्याच्या यंत्रावर भरतकाम करावयाचे तर दाबाचा पाय काढून ठेवीत, कापड पुढे सरकवणारे दाते खाली उतरवीत किंवा पत्र्याने झाकीत, कापड कडीत ताणून बसवीत, आणि मग पायाने गती व दोन्ही हातांनी दिशा देत पानाफुलांच्या रेषेवरून ती कडी फिरवीत. सुई जागच्या जागी वरखाली होई आणि चित्र शिवणारीच्या मनगटातून उतरे. आताच्या संगणकी भरतयंत्रात ती कडी एका सरकत्या दांड्याला जोडलेली असते. नक्षी बाहेरून भरून आणलेली. कळ दाबली की मिनिटाला 600 ते 800 टाक्यांच्या वेगाने गणपतीची सोंड, मोदक आणि जास्वंद आपोआप उमटू लागतात, आणि बाईंचे काम रंग बदलताना यंत्र थांबले की नवा दोरा ओवणे एवढेच राहते. देवघरातल्या पडद्यावर असे भरलेले कमळ पाहून एका परिचित बाईंनी मला विचारले होते, ‘ही माझी सेवा धरायची की यंत्राची?’ त्यांच्या सुरात थट्टा होती, पण प्रश्न थट्टेचा नव्हता.

यंत्राविषयी आपल्या मनात असलेला किंतु गांधीजींनाही होता, आणि तरी 1924 साली रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधातून सूट दिली. कारण असे दिले की पत्नीचे कंटाळवाणे शिवणकाम पाहून सिंगरच्या मनात प्रेमाने ते सुचले. सिंगरच्या गृहस्थाश्रमाची हकिकत पाहता ही सूट चुकीच्या पुराव्यावर दिली गेली. 1851 चे त्याचे पेटंट प्रेमापोटी निघाले असे मानण्यास फारसा आधार नाही. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटविषयी मात्र असे सांगतात की त्याने 1834 च्या सुमारास दोन दोऱ्यांचे शिवणयंत्र बनवले होते, आणि शिवणावर पोट भरणाऱ्या गरीब बायका देशोधडीला लागतील असे त्याच्या मुलीने म्हटल्यावरून त्याने त्याचे पेटंट घेतले नाही. त्याआधी 1831 साली पॅरिसमध्ये शिंप्यांच्या जमावाने थिमोनिए याचा सैन्याचे गणवेश शिवणारा कारखाना मोडला, सुमारे 80 यंत्रांसह. म्हणजे शिवणयंत्र जन्मले ते नैतिक खटल्यातच. आणि त्यातल्या दोन्ही पक्षांच्या साक्षीत बाई आहे, एकीत तिचे श्रम वाचतात म्हणून, दुसरीत तिचे पोट मारले जाते म्हणून.

हातशिवणीच्या पावित्र्याचे स्तोत्र गाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हाताने कधी एक कुंचीही शिवलेली नसते, हे माझे निरीक्षण आहे. रात्री रॉकेलच्या दिव्याशी बसून तुरपाई करणाऱ्या, दृष्टी अधू करून घेणाऱ्या स्त्रियांच्या कष्टाला तप म्हणणे सोपे. ते तप त्यांनी मागून घेतले होते काय, हे कुणी विचारले नाही. सक्तीने घडलेल्या श्रमाला तपाची सनद देणे हा अन्यायावर चढवलेला मुलामा आहे. म्हणून यंत्राने वेळ वाचला तर सेवा उणावली, हे मला मान्य नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची जी पाच कारणे सांगितली आहेत (अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव) त्यांत सुई हे करण आणि यंत्र हेही करणच. साधन लहान होते तेव्हा आपण एकट्यानेच सर्व केले असा भ्रम बाळगणे सोपे जात होते, एवढाच फरक. भरतयंत्र तो भ्रम उघड करते. नक्षी दुसऱ्याने रचलेली, कापड तिसऱ्याने विणलेले, दोरा चौथ्याने रंगवलेला. आणि मध्येच वीज गेली तर पाचव्या कारणाचेही स्मरण होते.

आणि यंत्र सर्व काही करते हाही गैरसमजच. दाट भरलेला टाका कापडाला आपल्या दिशेने खेचतो, त्यामुळे आराखड्यात अचूक वर्तुळ आखले तर कापडावर ते लंबगोल उतरते; वर्तुळ वर्तुळ दिसावे म्हणून नक्षीकाराला ते मुळातच किंचित चुकीचे आखावे लागते. मखमलीवर टाका रुतू नये म्हणून वर पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा आणि खाली ताठ अस्तर द्यावे लागते; उरेब कापड कडीत ओढून बसवले की कडी काढताच ते आकसते आणि कमळ सुरकुतते. वरच्या दोऱ्याचा ताण बरोबर आहे की नाही, याचा दाखला उलट्या बाजूला मिळतो: दाट पट्टीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात बॉबिनचा पांढरा दोरा दिसला पाहिजे, कडेला रंगीत. ही परीक्षा कडी सोडवण्यापूर्वी करणारी आणि न करणारी, या दोघींच्या सेवेत मी भेद करीन. हात आणि यंत्र यांत नाही. त्या बाईंना मी एवढेच म्हणालो की पडद्याची मागची बाजू दाखवा. ती त्यांनी मोठ्या खुशीने दाखवली.

यंत्रापेक्षा अवघड प्रश्न कात्रीचा आहे, आणि तो ओटीच्या खणांच्या रूपाने प्रत्येक मराठी घराच्या कपाटात साठत असतो. देवीची ओटी भरतात ती न शिवलेल्या खणाने. गुळेदगुड्ड्याच्या मागावरचा तो खण, घडीचा त्रिकोण करून, नारळ-तांदळासह तिच्या पुढ्यात ठेवतात, आणि प्रसाद म्हणून परत आलेला किंवा सवाष्णीच्या ओटीत पडलेला तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. आता शिवणाची आवड असलेल्या बाया त्यांची तोरणे, पर्स, परकर-पोलकी, आणि कधीकधी खुर्चीच्या उशा करतात. यांपैकी काय शिवावे? मापाच्या तत्त्वाने पाहिले तर अर्पण करताना खण अखंड असावा, कारण दान देताना ते कुणाच्या मापाचे आहे हे देणाऱ्याने ठरवू नये. परत आल्यावर मात्र तो कुणाचा तरी होण्यासाठीच आलेला असतो, आणि कपाटात कसरीच्या हवाली करण्यापेक्षा नातीच्या परकराला लावणे हा त्याचा सन्मानच आहे. उशीचे मात्र मला जमत नाही. त्याला माझ्याजवळ तर्क नाही, वहिवाट आहे; आणि प्रत्येक वहिवाटीला तर्काच्या कचेरीत हजर करावे असे मला वाटत नाही.

उभ्याच्या गौरींची चोळी शिवणाऱ्या बाईपुढे तर माप घ्यायला देहही नसतो. मुखवटा पितळेचा, खाली लोखंडी पिंजरा, हात कापूस भरलेले. दुकानात तयार चोळ्या मिळतात, पण त्या खांद्यावर बसत नाहीत. आमच्या शेजारच्या घरी ज्येष्ठेची चोळी थोरल्या लेकीच्या मापाने आणि कनिष्ठेची धाकटीच्या मापाने बेतण्याची पद्धत आहे, मग पिंजऱ्यावर ती थोडी सैल पडली तर मागून टाचण्या लावतात. मूळ नक्षत्रावर विसर्जन झाले की त्या चोळ्या त्याच लेकींना मिळतात, आणि लेकी दरवर्षी थोड्या भरतात, म्हणून शिवतानाच बगलेत दुप्पट माया सोडलेली असते. यंदा धाकटीने आईला बजावून ठेवले आहे की गळा मागून खोल हवा, आणि कनिष्ठा गौरीला तो शोभेल की नाही यावर त्या घरात अजून एकमत झालेले नाही.